वाचकांचे प्रश्न : आमवात, सकाळचे आखडणे आणि घरातली माणसे

सांध्यांच्या दीर्घकालीन आजारांविषयी मागील अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये आमवाताची, म्हणजेच डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या आजाराची, पत्रे सर्वांत जास्त आहेत. म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच आजारासाठी ठेवला आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी सून चौतीस वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिला आमवात असल्याचे निदान झाले. सकाळी उठल्यावर तिला चहाचा कपही नीट धरता येत नाही, मग कणीक मळणे तर दूरच राहिले. परंतु अकरा वाजले की हीच सून स्कूटर काढून बँकेत आणि बाजारात जाऊन येते. मला स्वतःला कित्येक वर्षे गुडघेदुखी आहे, तरी मी कधी कामे टाकून बसले नाही. तिचे दुखणे खोटे आहे असे मला म्हणायचे नाही, पण सकाळच्या कामाच्या वेळीच ते नेमके कसे येते, हे मला समजत नाही. त्यावरून घरात शब्दाला शब्द लागू लागला आहे. माझी समजूत चुकीची असेल तर तसे स्पष्ट लिहावे. (कराड)

उत्तर : तुम्ही सरळ विचारलेत हे फार बरे झाले, कारण हाच प्रश्न पुष्कळ घरांत मनातल्या मनात राहतो आणि पुढे टोमण्यांतून बाहेर पडतो. स्पष्ट लिहायचे तर तुमची समजूत चुकीची आहे, मात्र ती का झाली हे सहज समजण्यासारखे आहे. सुनेचे सकाळचे आखडणे खरे आहे आणि दुपारचे मोकळे होणेही खरे आहे. किंबहुना हा आजार ओळखताना डॉक्टर आवर्जून विचारतात ती खूणच ही आहे. सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, या प्रश्नाला रुग्णाने ‘तासभर तरी’ असे उत्तर दिले, की तपासणाऱ्याचे लक्ष गुडघ्यांच्या झिजेकडून आमवाताकडे वळते.

आमवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतील नाजूक अस्तरावरच हल्ला चढवते. ते अस्तर सुजते, जाड होते आणि पुढे शेजारची कूर्चा व हाड पोखरू लागते. हा दाह दिवसभर एकसारखा नसतो. दाह वाढवणारी इंटरल्युकिन-६ सारखी रसायने रात्री वाढत जातात आणि पहाटेच्या सुमारास त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. शरीर स्वतः तयार करते ते दाहशामक कॉर्टिसोल त्यांच्यामागून सकाळी वाढते. शिवाय रात्रभर हालचाल नसल्यामुळे सुजलेल्या सांध्यात पाणी साचून राहते. म्हणून सहा वाजता ज्या बोटांची मूठ वळत नाही, ती बोटे अकरा वाजता स्कूटरचा ब्रेक दाबू शकतात. तुमच्या घरात कणीक मळण्याची वेळ आणि आजार सर्वांत जोरात असण्याची वेळ नेमकी एकच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तुमची गुडघेदुखी आणि तिचा आजार यांची तुलना करू नये, असे सांगावेसे वाटते. वयोमानाने होणाऱ्या झिजेत चालल्यावर, जिना चढल्यावर किंवा मांडी घालून बसल्यावर दुखते आणि विश्रांतीने बरे वाटते. सकाळी गुडघा आखडला तरी तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवातात याच्या नेमके उलट घडते, म्हणजे विश्रांतीनंतर त्रास अधिक आणि हालचालीने थोडा कमी. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली 1996 पासून सांध्यांच्या आजारांची गावपातळीवर पाहणी केली. तिच्यात आमवाताचे प्रमाण दोनशे प्रौढांमागे साधारण एक असे आढळले आणि झिजेचा संधिवात त्याच्या कितीतरी पट होता. त्यामुळे गुडघेदुखी प्रत्येक घराला ठाऊक असते, तर आमवात असलेली व्यक्ती आपल्या नात्यागोत्यात एखादीच निघते आणि तिला नेहमी गुडघ्यांच्याच मापाने मोजले जाते.

आणखी दोन गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. पहिली म्हणजे थकवा. ताप येऊन गेल्यावर अंगात त्राण उरत नाही तसा हा थकवा असतो आणि तो दाहामुळेच येतो, आळसामुळे नव्हे. दुसरी म्हणजे दिवसादिवसांतला फरक. एखादा आठवडा बरा जातो आणि मग कारण न सांगता आजार उसळतो. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी रुग्ण साचलेली सगळी कामे उरकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजतो. घरच्यांना मात्र कालची धावपळ दिसलेली असते, म्हणून आजचे झोपून राहणे सोंग वाटते.

आता व्यवहाराचे पाहू. कणीक आदल्या संध्याकाळी मळून फ्रिजमध्ये ठेवता येते किंवा ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी घेता येते, आणि त्याबदल्यात दुपारची कामे सुनेकडे देता येतात. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून त्यातच बोटे उघडझाप केली तर आखडणे लवकर सुटते. ओले कपडे पिळणे, घट्ट बरणीचे झाकण फिरवणे, भरलेले पातेले सांडशीने एका हाताने उचलणे, विळीवर नारळ खवणे या कामांत बोटांच्या छोट्या सांध्यांवर सगळा जोर येतो, म्हणून ती टाळावीत किंवा वाटून घ्यावीत. पातेले उचलायचेच असेल तर ते दोन्ही तळव्यांवर पेलावे. सुरी, लाटणे, झारा यांच्या मुठी कापड गुंडाळून जाड केल्या तरी पकड पुष्कळ सोपी होते. तिला पूर्ण विश्रांती देऊन बसवून ठेवू नका, कारण सांधे न हलवणे हेही या आजारात नुकसानीचेच असते.

जमल्यास तिच्या पुढच्या तपासणीला एकदा तुम्ही सोबत जा. डॉक्टर बोटांचा एकेक सांधा दाबून पाहतात तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला जे समजते, ते अशा पत्रोत्तरातून समजणे कठीण आहे.

प्रश्न : माझे वय एक्कावन्न असून माझे किराणा दुकान आहे. आमवातासाठी मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या आठ महिने घेतल्या आणि त्यांनी दुखणे पूर्ण थांबले. त्यानंतर पुतण्याने मोबाइलवर पाहून सांगितले की हे कॅन्सरचे औषध आहे. तसेही दुखत नव्हतेच, म्हणून मी गोळ्या बंद केल्या. आता मनगटे आणि बोटे पुन्हा सुजली आहेत. उरलेली पाकिटे घरात आहेत. त्यांतूनच पुन्हा सुरुवात करू का? आणि हे औषध जन्मभर घ्यावे लागेल का? (बार्शी)

उत्तर : उरलेल्या पाकिटांतून आपल्या मनाने सुरुवात करू नका. आधी रक्ताच्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना भेटून गोळ्या मध्यंतरी बंद केल्या होत्या हे स्वच्छ सांगा. पुष्कळ रुग्ण हे लपवतात. मग डॉक्टरांचा समज होतो की औषध लागू पडले नाही, आणि ते त्याहून महागडे व जड औषध लिहून देतात.

पुतण्याने वाचले ते अर्धे खरे आहे. या कुळातील औषधे 1940 च्या दशकात अमेरिकेत लेडर्ले या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली. त्या कामाचे नेतृत्व करणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्याकडचे, आंध्रातील भीमावरमचे. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांना दिले आणि 1948 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेथोट्रेक्झेट हे त्याचेच भावंड. कर्करोगाच्या काही प्रकारांत ते आजही शिरेवाटे शेकडो, प्रसंगी हजारो मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम एवढेच देतात आणि या मात्रेत त्याचे काम पेशी मारण्याचे नसून दाह शमवण्याचे असते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 1988 मध्ये आमवातासाठी त्याला मान्यता दिली. तेव्हापासून जगभर या आजाराचा उपचार बहुतेक वेळा याच औषधाने सुरू होतो. ते परिणामकारक आहे, त्याचे धोके नीट ठाऊक आहेत आणि ते स्वस्त आहे, ही त्याची कारणे. ज्या देशात औषधाचा खर्च बहुतेकांना स्वतःच्या खिशातून करावा लागतो, तेथे शेवटचे कारण लहान मानू नये.

या औषधाचा खरा धोका मोबाइलवरच्या भीतीत नसून वेगळ्याच ठिकाणी आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज एक गोळी घेण्याची आपल्याला इतकी सवय असते की घरी कोणी नवीन माणूस औषधे देऊ लागले, रुग्णालयातून सुटी होताना चिठ्ठी उतरवून घेताना चूक झाली किंवा दुकानदाराने पाकिटावर सवयीने ‘रोज एक’ लिहिले, तर ती रोज घेतली जाते. तशी ती काही दिवस घेतली गेली तर तोंड सोलवटते, रक्तातील पेशी झपाट्याने कमी होतात आणि माणूस दगावूही शकतो. वार ठरवा, तो पूर्ण अक्षरांत पाकिटावर लिहून ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो माहीत असू द्या. अडीच, साडेसात आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला जवळपास सारख्या असू शकतात, म्हणून नवे पाकीट आणले की त्यावरचा आकडा दर वेळी वाचा. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी तोंड येणे, मळमळ आणि यकृतावरील ताण कमी करते. ती ताकदीची गोळी समजून वगळू नये.

मद्य शक्यतो बंदच ठेवावे. सुरुवातीला वारंवार आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी. ताप आला, तोंडात फोड आले, डोळे पिवळे दिसू लागले किंवा कोरडा खोकला येऊन धाप लागू लागली, तर त्या आठवड्याची गोळी न घेता डॉक्टरांशी बोलावे. लघवीच्या किंवा अन्य जंतुसंसर्गासाठी कोणी कोट्रायमोक्झाझोल हे सल्फायुक्त प्रतिजैविक लिहून देऊ लागले, तर आपण मेथोट्रेक्झेट घेतो हे त्यांना आधी सांगावे, कारण ही दोन औषधे एकत्र घेतल्यास रक्तपेशींना मोठा धोका पोहोचतो.

जन्मभर का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा बराच काळ’ असे आहे. तुम्ही गोळ्या थांबवल्या त्या दुखत नव्हते म्हणून, परंतु दुखत नव्हते ते गोळ्यांमुळे. वेदनाशामक गोळीचा परिणाम काही तासांचा असतो. मेथोट्रेक्झेटचा गुण दिसायलाच सहा ते बारा आठवडे लागतात आणि बंद केल्यावर तो हळूहळू ओसरतो. म्हणून पहिले काही आठवडे ‘बंद करूनही काही झाले नाही’ असे वाटते. त्या काळात वेदना नसतानाही सांध्यात दाह सुरू झालेला असू शकतो, तो हाड पोखरतो, आणि पोखरलेले हाड नंतर कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. हे नुकसान पहिल्या दोन-तीन वर्षांतच सर्वांत वेगाने होते. तुम्ही अजून त्याच काळात आहात.

आजार निदान सहा महिने पूर्ण आटोक्यात राहिला, सूज नाही, रक्तातील दाह दाखवणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या तपासण्या ठीक आहेत, असे दिसले तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करून पाहतात. काहींचे थोडक्यावर भागते. औषध पूर्ण थांबवल्यावर मात्र पुष्कळांचा आजार पुन्हा उफाळतो. तेव्हा गोळ्या कधी सुटतील यापेक्षा बोटे वाकडी न होता दुकानातला तराजू आणखी वीस वर्षे कसा धरता येईल, हा हिशेब तुम्ही मांडावा असे मला वाटते.

प्रश्न : आमवात झाल्यापासून मी दही, ताक, कोकम, चिंच, टोमॅटो, वांगे, बटाटा आणि आंबट म्हणता येईल असे सर्व बंद केले आहे. फारसा फरक नाही. आता जेवणात काय उरले, हेच कळत नाही. (रत्नागिरी)

उत्तर : यांपैकी बहुतेक पदार्थ तुम्ही पुन्हा सुरू करू शकता. आंबट खाल्ल्याने आमवात वाढतो असे शास्त्रीय पाहण्यांतून सिद्ध झालेले नाही, आणि दूध, दही, ताक सोडल्याने कॅल्शियम मात्र नक्की कमी होते. हा आजार आणि त्यात कधी घ्यावे लागणारे स्टेरॉइड (कॉर्टिसोलसारखे दाहशामक औषध) ही दोन्ही हाडे ठिसूळ करतात, त्यामुळे दही सोडण्यात तोटाच आहे. एखाद्या विशिष्ट पदार्थाने आपल्याला त्रास होतो अशी शंका असेल, तर तो एकच पदार्थ दोन-तीन आठवडे बंद करून पाहावा आणि नंतर पुन्हा खाऊन पाहावा. दहा पदार्थ एकदम बंद केले की कशाने काय झाले ते कधीच समजत नाही. तुम्ही मासे खात असाल तर तुमच्या किनाऱ्यावरचे बांगडा आणि तारली हे उत्तम. त्यांतील ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा दाहावर थोडा अनुकूल परिणाम होतो, अर्थात औषधाच्या जागी ते चालणार नाहीत. खरोखर सोडायची गोष्ट म्हणजे विडी-सिगारेट. धूम्रपानाने आमवात होण्याची शक्यता वाढते, झालेला आजार तीव्र होतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. तिखट-आंबटावर इतके कडक पथ्य पाळणारे गृहस्थ विडीबद्दल मात्र गप्प राहतात, हे पाहून नवल वाटते.

प्रश्न : आमच्या आईचे वय साठ आहे. आमवातामुळे तिला उठवून बसवावे लागत असे. नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही दूरच्या गावाहून एका गृहस्थांकडून पुड्या आणल्या. चौथ्या दिवशी आई स्वतः उठून अंगणात गेली. आता सहा महिने झाले. तिचा चेहरा गोल आणि भरल्यासारखा दिसतो, आधी नसलेली रक्तातील साखर वाढली आहे आणि एक दिवस पुडी चुकली तर ती पुन्हा जागची हलत नाही. पुड्यांवर काहीही लिहिलेले नाही. काय करावे? (जालना)

उत्तर : पुडी न तपासता तिच्यात काय आहे हे सांगता येत नाही, परंतु तुम्ही लिहिलेल्या सर्व खुणा स्टेरॉइडकडे बोट दाखवतात. म्हणून पहिली सूचना अशी की पुड्या आज एकदम बंद करू नका. सहा महिने बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपले स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे जवळजवळ थांबवतात. अशा वेळी पुडी अचानक थांबली तर रक्तदाब एकाएकी उतरणे, उलट्या होणे, शुद्ध हरपणे असे जिवावरचे प्रसंग येऊ शकतात. दोन-तीन दिवसांच्या आत आईला आणि उरलेल्या सर्व पुड्यांना घेऊन संधिवाततज्ज्ञाकडे, ते जवळ नसल्यास फिजिशियनकडे जा. ते ठरावीक मात्रेचे स्टेरॉइड देऊन ते हळूहळू उतरवतील आणि त्याच वेळी मूळ आजाराचे औषध सुरू करतील. साखर, रक्तदाब, डोळ्यांतील मोतीबिंदू आणि हाडांची घनता यांचीही तपासणी करून घ्या.

चौथ्या दिवशी आई उठली म्हणून तुमचा विश्वास बसला, यात तुम्हाला दोष देता येत नाही. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळून पडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, आणि काही दिवसांतच ती चालत बाहेर फिरून आली. ते पाहून त्या काळचे अनुभवी डॉक्टरही चकित झाले होते. 1950 मध्ये हेंच यांना एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर थोड्याच काळात मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांचे गोल झालेले चेहरे, वाढलेली साखर, मोडणारी हाडे आणि जंतुसंसर्ग समोर येऊ लागले. तुमच्या अंगणात तोच इतिहास पुन्हा घडतो आहे, फरक एवढाच की तेथे औषधाचे नाव आणि मात्रा लिहून ठेवलेली होती.

स्टेरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही. मेथोट्रेक्झेटचा गुण येईपर्यंतच्या पहिल्या आठवड्यांत आम्हीही ते थोड्या मात्रेत आणि थोड्या काळासाठी देतो. नाव, मात्रा आणि मुदत न सांगता दिलेले स्टेरॉइड हे वाईट. याचा आयुर्वेदाशी संबंध जोडू नये, कारण रीतसर तयार केलेल्या आयुर्वेदिक औषधावर घटक, परवाना क्रमांक आणि तुकडीचा क्रमांक छापलेला असतो व नोंदणीकृत वैद्य लिहून देण्यास नकार देत नाहीत. बिनानावाच्या पुडीबद्दल अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. ती अवश्य करा, पण आईची व्यवस्था लावून झाल्यानंतर.

प्रश्न : नोकरीच्या आरोग्य तपासणीत माझा आरए फॅक्टर वाढलेला निघाला. सांधे मुळीच दुखत नाहीत. तरी दर तीन महिन्यांनी तपासणी करून आकडा पाहत राहावे काय? (ठाणे)

उत्तर : मुळीच नाही. आरए फॅक्टर हा आमवाताची शंका आल्यावर रक्तात तपासला जाणारा एक घटक आहे, पण तो काही निरोगी माणसांत, विशेषतः वाढत्या वयात, आणि क्षयरोग किंवा हिपॅटायटिस-सी यांसारख्या आजारांतही आढळतो. उलट प्रत्यक्ष आमवात असलेल्या शंभरांपैकी वीस-पंचवीस रुग्णांत तो आढळतच नाही. उपचार सांध्यांवर होतात, अहवालातील आकड्यावर नव्हे. हाताची बोटे किंवा मनगटे सुजू लागली आणि सकाळचे आखडणे काही आठवडे टिकून राहिले, तर मात्र वेळ न घालवता दाखवावे.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. तीन वर्षांपासून आमवात आहे आणि औषधांमुळे तो चांगला आटोक्यात आहे. घरात माझ्या लग्नाचे पाहत आहेत. आजाराचे कोणाला सांगू नये, लग्नानंतर पाहता येईल, असे आईचे मत आहे. मला ते पटत नाही, पण सांगितले तर कोणी होकार देईल का, ही भीतीही वाटते. मूल होऊ शकेल का? मुलाला हा आजार होईल का? (पुणे)

उत्तर : आईच्या काळजीचा आदर ठेवूनही मी तुमच्या बाजूने मत देतो. पहिल्याच कांदेपोह्यांच्या बैठकीत फाइल उघडण्याची गरज नाही, परंतु बोलणी पुढे सरकली की होकारापूर्वी मुलाला तुम्ही स्वतः सांगावे आणि त्याला हवे असेल तर तुमच्या डॉक्टरांशी त्याची भेट घालून द्यावी. यात नीतीचा प्रश्न आहेच, पण त्याहून रोकडा प्रश्न औषधाचा आहे. लपवून ठेवलेली गोळी वेळेवर घेतली जात नाही. नव्या घरात पाहुणे असतात, प्रवास असतो, कपाट सामाईक असते. मग एका आठवड्याची गोळी राहते, पुढच्या आठवड्याची राहते, रक्ततपासणीला जायला निमित्त सापडत नाही, आणि तीन वर्षे आटोक्यात ठेवलेला आजार नेमका लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात उसळतो. नकार येतील, हे खरे आहे. ते आता आलेले बरे.

मूल होण्यास आमवाताची आडकाठी नाही. अट एकच आहे की गर्भधारणा ठरवून व्हावी. मेथोट्रेक्झेटमुळे गर्भपात होऊ शकतो किंवा बाळात व्यंग येऊ शकते, म्हणून ते गर्भधारणेच्या प्रयत्नापूर्वी थांबवावे लागते, सामान्यतः तीन महिने आधी, आणि तोपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधक साधन वापरावे लागते. लेफ्लुनोमाइड हे आमवाताचे दुसरे औषध शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, त्यामुळे ते घेत असाल तर ते शरीरातून काढून टाकण्यासाठी वेगळे औषध द्यावे लागते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन ही आमवाताची औषधे गर्भारपणात चालू ठेवता येतात. म्हणून प्रयत्न सुरू करण्याच्या पाच-सहा महिने आधी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे औषधे बदलून आजार स्थिर झाल्याची खात्री करून घेता येते. दिवस गेल्याचे अचानक कळले, तर मेथोट्रेक्झेट ताबडतोब थांबवून लगेच भेटावे.

गर्भारपणात अर्ध्याहून अधिक स्त्रियांचा त्रास आपोआप कमी होतो. तुमच्या आईलाही ते ऐकून बरे वाटेल, पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत आजार पुन्हा जोर धरतो, आणि त्याच वेळी रात्रीचे जागरण, बाळाला उचलणे, अंघोळ घालणे ही मनगटांवर ताण आणणारी कामे अंगावर असतात. बाळंतपणाला माहेरी कोण असेल हे जसे आपण आधीच ठरवतो, तसे त्यानंतरचे चार-सहा महिने रात्री मदतीला कोण असेल हेही ठरवून ठेवावे. स्तनपान करताना मेथोट्रेक्झेट घेता येत नाही, म्हणून औषधांचा क्रमही आधीच आखून घ्यावा. बाळाला आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते, पण आमवात असलेल्या स्त्रियांच्या बहुसंख्य मुलांना तो कधीच होत नाही.

प्रश्न : वडिलांना पंधरा वर्षांपासून आमवात आहे. पुढच्या महिन्यात त्यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. काही विशेष काळजी घ्यावी लागते का? (पणजी)

उत्तर : हो. जुन्या आमवातात मानेतील पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा सैल झालेला असू शकतो आणि त्याची वेदना होईलच असे नाही. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मान मागे वाकवतात, तेव्हा मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. म्हणून वडिलांचा आजार भूलतज्ज्ञांच्या कानावर तुम्ही स्वतः आधीच घालावा आणि मान पुढे व मागे वाकवून काढलेले एक्स-रे लागतील का, ते विचारावे. हातांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, मानेपासून डोक्याच्या मागच्या भागात कळ जाणे यांपैकी काही होत असेल तर तेही सांगावे. वडील रोज स्टेरॉइड घेत असतील तर ते शस्त्रक्रियेच्या दिवशी चुकवू नये. मेथोट्रेक्झेट बहुतेक वेळा चालू ठेवता येते, जैविक इंजेक्शने (रोगप्रतिकारक यंत्रणेतील ठरावीक घटकांना रोखणारी औषधे) मात्र काही काळ पुढे ढकलावी लागतात. कोणते औषध कधी थांबवायचे, हे शल्यचिकित्सक आणि आमवाताचे डॉक्टर यांनी आपसांत बोलून एकाच कागदावर लिहून द्यावे, असा आग्रह धरा.